भुईमुगाचे बियाणे : दाण्याचा आकार व मूळ

पेरणीसाठी वापरलेल्या दाण्याचे आकारमान, तसेच ते बियाणे ज्या जमिनीत व हंगामात तयार झाले ती परिस्थिती, यांचा भुईमुगाच्या उगवणीवर व पिकावर होणारा परिणाम.

मोठ्या दाण्याच्या दलांत (दाण्याच्या दोन फाकांत) अन्नसाठा अधिक असल्याने रोप सुरुवातीला जोमदार असते, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो उत्पादनाविषयी. हा जोम काढणीपर्यंत टिकतो असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते झाडांची संख्या सारखी राखल्यास फरक बराचसा बुजतो. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चिमलेल्या, अपक्व दाण्यांची गोष्ट वेगळी; त्यांची उगवणच विरळ होते आणि नांग्या भराव्या (रिकाम्या जागी पुन्हा बी लावावे) लागतात. भुईमूग बहुतांशी स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारा) असल्याने शुद्ध वाणातून टपोरे दाणे वेचून पेरले, तरी पुढच्या पिढीचा दाणा त्यामुळे मोठा होत नाही. त्यासाठी आनुवंशिक बदल लागतो. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ वाणावर क्ष-किरणांचा मारा करून टपोऱ्या दाण्याचा टीजी-1 (विक्रम) हा वाण मिळवला गेला व तो 1973 मध्ये प्रसारित झाला. टीकेजी-19ए व टीपीजी-41 हे त्याच कार्यक्रमातले नंतरचे टपोरे वाण.

मोठा दाणा महाग पडतो. 30×10 सेंमी. अंतराने हेक्टरी सुमारे 3.33 लाख दाणे लागतात. शंभर दाण्यांचे वजन 35 ग्रॅम असल्यास हे बियाणे सुमारे 117 किग्रॅ. भरते, 60 ग्रॅम असल्यास 200 किग्रॅ. मुंबईच्या व्यापारात औंसाला बसणाऱ्या दाण्यांवरून ‘काउंट’ ठरतो (40/50 हा 60/70 पेक्षा मोठा). पण ती प्रत खाण्याच्या दाण्याची, उगवणीची नव्हे.

बियाणे कोणत्या जमिनीत तयार झाले याबाबत कॅल्शियम महत्त्वाचे. आऱ्या (फुलानंतर जमिनीकडे वाढणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत शिरल्यावर वाढणारी शेंग ते मुख्यतः भोवतालच्या मातीतून थेट शोषते. कोकणातील धुपलेल्या, आम्लधर्मी जांभ्या जमिनीत त्याची उणीव पडू शकते. अशा शेतातला दाणा वरून चांगला दिसला, तरी दले उकलल्यावर आतला कोंब काळसर आढळतो. टपोऱ्या वाणांना ही उणीव अधिक जाणवते. म्हणून फुलोरा व आऱ्या सुटण्याच्या सुमारास कॅल्शियमयुक्त जिप्सम देतात.

उन्हाळी शेंगा कडक उन्हात वाळवून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवल्यास उगवणशक्ती झपाट्याने घटते. प्रमाणित बियाण्यास किमान 70% उगवण लागते. बियाणे शेंगांच्या रूपातच साठवून पेरणीच्या जेमतेम आधी, शक्यतो हाताने फोडतात. यंत्रात साल सोलवटते व दाणा दुभंगतो. उपट्या (उभट वाढणाऱ्या) वाणांच्या दाण्याला सहसा सुप्तावस्था (काढणीनंतर काही काळ न उगवण्याची स्थिती) नसते, पसऱ्या (जमिनीवर पसरणाऱ्या) वाणांना असते.