बोगनवेलीचं बी कुणी पाहिलंय?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांच्या मागच्या बाजूला बोगनवेलीच्या काड्यांच्या जुड्या दिसू लागतात. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, पानं उतरवलेल्या. झेंडूचं बी दुकानात मिळतं, गुलबक्षीचं तर कुंपणाखाली पडलेलं सापडतं. बोगनवेलीच्या बियांचं पाकीट मात्र कुणी मागत नाही आणि कुणी विकतही नाही. खरं तर गुलबक्षी ही बोगनवेलीची चुलत बहीणच, दोघी एकाच कुळातल्या. एक मिऱ्यासारखं काळं बी सांडत सुटते आणि दुसरी आपल्या बागेत सहसा बीच धरत नाही. म्हणून बोगनवेल जिथे जिथे पोचली, तिथे ती बहुतेक वेळा फांदीच्या तुकड्यानंच पोचली.

मूळची ही दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील-पेरूकडची. १७६६ मध्ये लुई आंत्वान द बुगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ च्या जूनमध्ये मुक्काम रिओ द जानेरोला पडला, आणि तिथे ही काटेरी वेल पहिल्यांदा टिपली गेली. कॉमर्सनसोबत एक मदतनीस पोऱ्या होता; तो निघाला जान बारे नावाची बाई. फ्रेंच जहाजावर बाईला बंदी, म्हणून पुरुषाचा वेष. पुढे जगाला फेरी मारणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. कॉमर्सनचा पाय त्या काळात दुखत होता, तेव्हा रिओच्या टेकड्यांवर चढून वेल खुडून आणली ती बारेनंच, असा अनेकांचा कयास आहे. नाव मात्र लागलं कप्तानाचं. ते छापलं गेलं १७८९ मध्ये, ज्युस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात, तेही चुकीच्या स्पेलिंगनं.

त्या नावाचं मराठीत जे झालं ते मला फार आवडतं. ‘बुगँव्हिल’मधल्या ‘व्हिल’चा मुळात वेलीशी काही संबंध नाही, फ्रेंचमध्ये तो गावाचा शब्द. मराठी कानांनी त्यात सरळ ‘वेल’ ऐकली. परक्या झाडाच्या खुंटावर आपला डोळा, म्हणजे कोंब, बसावा, तसं हे नाव बसलं.

भारतात ती आली १८६० च्या सुमारास, युरोपमार्गे, कलकत्त्याला. आज दारोदार दिसणारे भडक रंग मात्र त्या पहिल्या वेलींचे नव्हेत. त्यांची गोष्ट कोलंबियातल्या कार्ताहेना गावी सुरू होते. त्रिनिदादच्या एका मिसेस बट यांना १९१० मध्ये तिथल्या बागेत किरमिजी रंगाची वेल दिसली आणि त्यांनी ती सोबत नेली. दोन जातींचा आपोआप झालेला तो संकर होता. त्रिनिदादहून ती जगभर फिरली, १९२३ मध्ये कलकत्त्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीत पोचली. ‘मिसेस बट’ हेच तिचं नाव पडलं. बी नाही म्हटल्यावर प्रत्येक ‘मिसेस बट’ ही त्याच झाडाची फांदी. आई-मुलगी हे नातंच इथे लागू नाही, एकच झाड लाखो कुंड्यांत उभं आहे.

बी का धरत नाही, याचा छडा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात १९७० च्या दशकात टी. एन. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. साध्या बोगनवेलीत गुणसूत्रं ३४, म्हणजे सतरांचे दोन संच. संकरित वाणांत त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, काहींत तर तीन संच, म्हणजे ५१. परागकण वांझ निघतात. कोल्चिसीन नावाचं रसायन वापरून संच दुप्पट केले की काही वाणांत प्रजननक्षमता परत येते, हेही त्यांनी दाखवलं.

मग इतके रंग आले कुठून? बरेचसे फांदीवरच जन्मले. झाडाच्या एखाद्या डोळ्यात अचानक बदल होतो आणि त्या फांदीला वेगळीच फुलं येतात. १९४९ मध्ये कलकत्त्यात ‘मिसेस बट’च्या एका फांदीवर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं आली. ती ‘मेरी पामर’. एखाद्या चौकस माळ्याची नजर त्या फांदीवर पडली नाही आणि ती छाटणीत गेली, तर वाणही गेला. आणि कलम करतानाही सांभाळावं लागतं: ‘मेरी पामर’ची नुसती पांढऱ्या फुलांची फांदी घेतली तर रोप पांढरंच निघू शकतं, कारण तिच्या अंगात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात.

आता कलमांकडे येऊ. ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, लेखणीचाही आणि फांदीचाही. बोरू तासताना जसा तिरका छेद, तसाच काडीच्या खालच्या टोकाला, डोळ्याच्या जरा खाली. हे छाट कलम सगळ्यात स्वस्त, पण फसवं. मी पहिल्यांदा बारा काड्या लावल्या तेव्हा पंधरा दिवसांत बाराही काड्यांना पालवी फुटली, मी खूश. महिन्यानं उपटून पाहिलं तर मुळी चारांनाच. काडी आपल्या पोटातल्या साठ्यावर पानं काढते, त्यावरून खाली काय चाललंय ते कळत नाही. शिवाय उपटून पाहणं हाच गाढवपणा, बोगनवेलीच्या कोवळ्या मुळ्या काचेसारख्या तुटतात.

‘मेरी पामर’सारखे हट्टी वाण काडीनं नीट लागत नाहीत. त्यांच्यासाठी गुटी. हवेत मुळ्या काढायची रीत चीनमध्ये फार जुनी, आणि आपल्याकडेही ती इतकी रुळलेली होती की एकोणिसाव्या शतकातल्या बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांनी ‘गुटी’ हा शब्द जशाच्या तसा उचलला. फांदीवरून इंचभर सालीची बांगडी काढायची, वर ओली माती लिंपायची, काथ्या किंवा गोणपाटानं बांधायची. ती ओली ठेवायला वर एक मडकं टांगत. बुडाला भोक, भोकातून सुतळी, तिला मडक्याच्या आतून गाठ. थेंब-थेंब पाणी सुतळीवरून उतरत गुटीत मुरायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिन आलं आणि मडकं गेलं. आता ओलं शेवाळ किंवा कोकोपीट, वर प्लास्टिक, दोन्हीकडून सुतळी, की झालं.

मुळ्या नेहमी बांगडीच्या वरच्या काठाला फुटतात. हे माळ्यांना हातानं माहीत होतं, कारण नंतर कळलं. शेंड्याकडून सालीतून खाली येणारा रस आणि त्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक त्या काठाशी अडतं, साचतं, तिथे गाठ धरते आणि मुळी सुटते. लाकडातून वर जाणारं पाणी चालूच असल्यानं फांदी सुकत नाही. इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल हे ऑक्सिन १९३४ मध्ये ओळखलं गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लानं मुळ्या फुटतात हे दाखवलं. आपण काडी बुडवतो ती सेरॅडिक्सची पूड याच शोधाच्या वंशातली.

दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था १९६६ पासून बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी पाहते. जगात कुठेही नवा वाण निघाला, तर त्याचं नाव पुशात, म्हणजे या संस्थेच्या दिल्लीतल्या आवारात, नोंदवायचं. उरुळी कांचनच्या बाजूला रोपं घ्यायला गेलात आणि ‘मिसेस बट’ मागितलीत, तर मात्र समोरचा माणूस विचारतो, “म्हणजे लालच ना?”