ग्राफिक्स कार्ड नवीन टाकलं तरी गेम अडकतोय? आधी कॅबिनेटच्या मागे बघा

दर आठवड्याला दोन-तीन जण तरी कॅबिनेट उचलून दुकानात येतात, मागे एकजण राऊहून स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन आले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, कार्ड टाकलं तरी गेम होता तसाच अडकतो. आम्ही टेबलावर लावतो, गेम मस्त चालतो. घरी नेतात आणि संध्याकाळी परत फोन.

अशा वेळी कार्ड चांगलंच असतं, केबल चुकीच्या जागी असते. आम्ही मॉनिटरची केबल कार्डात लावतो, घरी तुम्ही जुन्या सवयीने ती मदरबोर्डात लावता. टॉवर उभा ठेवून मागे बघा, वर यूएसबीजवळ जो एचडीएमआय आहे तो बोर्डाचा, खाली आडव्या पट्टीत आहेत ते कार्डाचे. केबल खालीच लागली पाहिजे. वर लावली की गेम बहुतेक वेळा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आणि पैसे खर्चून घेतलेलं कार्ड रिकामं राहतं. इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मग वर लावलं की स्क्रीन काळी, आणि लोक घाबरतात की कार्ड जळलं.

ज्यांचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला, त्यांचं तर होणारच असं, कारण जीटीएक्स १६५० सारख्या कार्डाला व्हीजीए नसतं म्हणून ते बोर्डाच्या व्हीजीएत लावून मोकळे होतात. डीव्हीआयला व्हीजीए जोडायची जुनी साधी पिन पण चालत नाही, हे कार्ड तो ॲनालॉग सिग्नल देतच नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, तो आमच्याकडे असतो.

म्हणूनच आम्ही बोर्डाच्या पोर्टवर टेप लावून देतो, ती प्लीज काढू नका. आणि चेकिंगचे पैसे केबलच निघाली तरी का घेता असं काहीजण विचारतात, तर बाबा, कॅबिनेट उघडून, गेम टाकून तपासायला तासभर जातोच.

केबल बरोबर असूनही झटके येत असतील तर गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर बघा, म्हणजे वस्तूंवरच्या चित्रांची बारकाई. १६५० मध्ये ४ जीबी मेमरी आहे, टेक्स्चर अल्ट्रावर ठेवलं की ती भरते आणि उरलेलं रॅममधून ओढावं लागतं, तिथेच गेम थांबतो. टेक्स्चर मीडियम करा, गेममध्ये एफएसआर असेल (कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणारी सेटिंग) तर ते क्वालिटीवर लावा, ते जीटीएक्सवर पण चालतं. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका, बराच फरक पडतो. पण २०२४ चा इंडियाना जोन्सवाला गेम १६५० वर चालायचा नाही, त्याला रे ट्रेसिंगचं, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश-सावली दाखवायचं, हार्डवेअरच लागतं, सेटिंग कितीही कमी केली तरी.

कार्ड घ्यायला आलात की आम्ही बोर्डाचं नाव विचारतो, त्याचा राग मानू नका. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) चालतं, कार्डाचा स्लॉट जुना पीसीआयई ३ चा असलेल्या बोर्डात त्या लेनचा स्पीड निम्मा होतो आणि ४ जीबी भरली की ते जास्तच जाणवतं. अशा बोर्डाला आम्ही ते देत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, साधा असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा, ७० वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही.

तेव्हा कॅबिनेट उचलायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, केबल दिसली पाहिजे, ते बघायचे पैसे नाहीत.