त्रेपन्न टक्क्यांचे दोन हिशेब : लॅरी बर्ड आणि डग मॅकडर्मॉट

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये लॅरी बर्डने इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून 1976 ते 1979 या तीन हंगामांत 2850 गुण मिळवले, तर क्रेटन विद्यापीठाच्या डग मॅकडर्मॉटने 2010 ते 2014 या चार हंगामांत 3150. दोघेही फॉरवर्ड (आक्रमणात पुढच्या फळीत खेळणारे), उंचीत जेमतेम एका इंचाचा फरक, आणि इंडियाना स्टेट ज्या मिझुरी व्हॅली गटातले, त्याच गटात मॅकडर्मॉटचे पहिले तीन हंगाम गेले. म्हणून ही तुलना वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र दोघांना मोजण्याची फूटपट्टीच मधल्या पस्तीस वर्षांत बदलली होती.

पहिली दुरुस्ती साधी आहे. बर्ड 94 सामने खेळला आणि मॅकडर्मॉट 145, म्हणजे सरासरी अनुक्रमे 30.3 आणि 21.7 गुण. यातही वयाचा घोळ आहेच. बर्ड पहिला सामना खेळला तेव्हा विशीला टेकला होता, तर मॅकडर्मॉटचा पहिला हंगाम अठराव्या वर्षी सुरू झाला. तो हंगाम वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढली, तर त्याचा आकडा 24.2 पर्यंत चढतो. अंतर कमी होते, पण मिटत नाही.

खरी गंमत नेमबाजीच्या टक्केवारीत आहे. शेवटच्या हंगामात बर्डचे 53.2 टक्के फटके बास्केटमध्ये गेले आणि मॅकडर्मॉटचे 52.6 टक्के. एवढेच आकडे पाहणारा माणूस दोघांना समान मानून मोकळा होईल. परंतु तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्याबाहेरून टाकलेल्या फटक्याला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती, सर्व महाविद्यालयीन सामन्यांत 1986-87 च्या हंगामापासून आली. त्यामुळे बर्डने कितीही लांबून चेंडू टाकला तरी त्याला दोनच गुण मिळत. मॅकडर्मॉटचे जवळपास एक तृतीयांश प्रयत्न या रेषेबाहेरून होते, आणि त्या 214 प्रयत्नांपैकी 96 यशस्वी ठरले. तीन गुणांच्या फटक्याला दीडपट वजन देऊन टक्केवारी पुन्हा काढली, की बर्ड 53.2 वरच राहतो आणि मॅकडर्मॉट सुमारे 60 वर जातो. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) बाजूला ठेवले, तर बर्डच्या शंभर फटक्यांमागे त्याच्या संघाला 106 गुण मिळत होते आणि मॅकडर्मॉटच्या शंभर फटक्यांमागे त्याच्या संघाला सुमारे 120.

यावर उपाय म्हणून मॅकडर्मॉटच्या सर्व 274 लांब फटक्यांचा एकेक जादा गुण वजा करावा, असे कोणालाही सुचेल. तसे केल्यास त्याचे 2876 गुण उरतात, म्हणजे एकूण बेरजेत तो बर्डच्या 26 गुण पुढेच राहतो. मला मात्र ही वजाबाकी अप्रामाणिक वाटते. रेषा नसती तर तो इतक्या लांबून फटके मारतच बसला नसता, बास्केटजवळ सरकला असता. नियम बदलला की गुणांबरोबर खेळाडूचे वागणेही बदलते.

उलट दिशेने विचारायचे, तर रेषा असती तर बर्डने काय केले असते? सहसा अशा प्रश्नाला उत्तर नसते, पण इथे योगायोगाने एक आयता प्रयोग घडला आहे. बर्ड 1979 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, गेला आणि त्याच हंगामात तिथे तीन गुणांची रेषा आखली गेली. ती बास्केटच्या समोर 7.24 मीटरवर होती, तर मॅकडर्मॉटच्या काळातील महाविद्यालयीन रेषा 6.32 मीटरवर. माणूस तोच, मध्ये अवघे काही महिने, आणि नियम मात्र नवा. बर्डने 143 प्रयत्नांपैकी 58 यशस्वी केले, म्हणजे 40.6 टक्के. मॅकडर्मॉटचे शेवटच्या हंगामातील 44.9 टक्के याहून सरस दिसतात, पण सुमारे एका मीटरचा फरक आणि व्यावसायिक बचाव लक्षात घेतला, तर बर्डचा हात कमी पडत होता असे म्हणवत नाही.

रिबाउंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर उसळलेला चेंडू ताब्यात घेण्यात, बर्ड स्पष्टपणे सरस आहे : सामन्यामागे 13.3 विरुद्ध 7.5. रिबाउंडच्या संधी चुकलेल्या फटक्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे या आकड्यांतही काळाचा काही वाटा असणारच. तरीही एवढी मोठी तफावत निव्वळ संधींच्या हिशेबात बसवणे अवघड आहे.

एनबीएतल्या त्या प्रयोगातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. चाळीस टक्के यशाचा तीन गुणांचा फटका हा साठ टक्के यशाच्या दोन गुणांच्या फटक्याइतकाच मोलाचा असतो, हा गुणाकार 1979 मध्येही कोणालाही करता आला असता. तरीही बर्डने 82 सामन्यांत असे 143 फटके घेतले, म्हणजे सामन्यामागे दोनसुद्धा नाहीत, आणि मॅकडर्मॉटने शेवटच्या 35 सामन्यांत 214, म्हणजे सहाहून अधिक. रेषा जमिनीवर आखली गेली होती, पण संघांच्या डावपेचांत ती उतरायला आणखी बराच काळ जावा लागला.