शेठचं ‘चालतंय की’

मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव पट्ट्यात सुती कापड विणणारे पुष्कळ कारखाने आहेत, बहुतेक घरच्याच मालकीचे. 2008 साली निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या 17 कंपन्यांवर एक प्रयोग सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा 11 निवडल्या आणि त्यांच्या कारखान्यांत व्यवस्थापन सल्लागार पाच महिने फुकट बसवले. उरलेल्या सहांची फक्त महिनाभर तपासणी झाली.

सल्ला साधाच होता. कुठल्या मागावर कापडात कोणता दोष आला याची रोज नोंद ठेवा. माग बंद पडण्याआधीच त्याची देखभाल करा. सुताच्या ढिगांना लेबलं लावून ते रॅकवर रचा. जगात हे सगळं कधीच जुनं झालंय. पण त्या कारखान्यासाठी ते नवंच, आणि लहान उद्योगातलं नावीन्य बहुधा असंच असतं. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

मग हे आधीच का केलं नाही? पैसा फारसा लागणार नव्हता. काही पद्धती मालकांना ठाऊकच नव्हत्या. ठाऊक होत्या त्यांचीही गरज वाटत नव्हती, कारण आपला माल शेजारच्या कारखान्याइतका चांगला आहे आणि नफाही होतोय. ‘पुरेसं चांगलं’ कशाला म्हणायचं, हे मालकच ठरवतो.

दुसरी अडचण विश्वासाची. बाहेरचा मॅनेजर चोरी करेल या भीतीनं निर्णय घरच्यांच्याच हातात. परिणामी कंपनी किती मोठी, याचा संबंध घरात कर्ती पुरुषमाणसं किती याच्याशी लागत होता! (लेकी-सुना हिशेबातच नाहीत.) पण याला निव्वळ संशयी स्वभाव म्हणणं अन्यायाचं होईल. कोर्टात दाद मिळायला वर्षानुवर्षं लागत असतील, तर तिजोरीची किल्ली परक्याला कोण देईल?

कंपनीच्या निर्णयांत वरच्या माणसांची मूल्यं आणि अनुभव उतरतात, असं व्यवस्थापनाचे अभ्यासक डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी 1984 मध्येच मांडलं होतं. मोठ्या कंपनीत संचालक मंडळ, निरनिराळे विभाग एकाच्या मताला आवर घालतात. इथे शेठचं मत हेच कंपनीचं धोरण.

2017 मध्ये संशोधक परत गेले. प्रयोगाच्या कारखान्यांनी स्वीकारलेल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटल्या होत्या, तरी ते इतरांपेक्षा पुढेच होते. या पद्धती त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत पोचल्या होत्या. दुसऱ्या कंपन्यांत मात्र क्वचितच. सुटण्यामागची दोन कारणं: मॅनेजर बदलले, आणि मालकांना वेळ नव्हता.