मालवणी ताट: गिरणगावच्या खानावळीतून किनाऱ्यावर

मुंबईत आलेल्या पाहुण्याने ‘इथलं काहीतरी खायचंय’ म्हटलं की त्याला दादर-परळच्या एखाद्या मालवणी हॉटेलात नेतात. समोर येणारं ताट ठरलेलं असतं. रव्यात घोळवून तळलेली सुरमईची तुकडी, वाटीभर कालवण, थोडी सुकट किंवा तिसऱ्यांचं सुकं, चपात्या किंवा वडे (तांदूळ-उडदाच्या पिठाचे), भात आणि सोलकढी. हेच ताट तारकर्लीला मिळतं, गणपतीपुळ्याला मिळतं, अलिबागलाही मिळतं. त्यामुळे कोकणात घरोघरी असंच जेवतात आणि मुंबईने ते उचललं, असा समज झाला आहे. खरं तर प्रवास बराचसा उलटा आहे. जिन्नस कोकणातले, पण त्यांची ताटातली मांडणी मुंबईच्या खानावळींनी केली, आणि पर्यटन वाढल्यावर ती मांडणी किनाऱ्यावर परत गेली.

दक्षिण कोकणातल्या कष्टकरी घरातलं रोजचं जेवण म्हणजे सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात आणि एक कालवण. मासे मिळाले तर माशांचं, नाहीतर कुळथाची पिठी. तेल जपून वापरायची वस्तू असल्याने मासा तळण्यापेक्षा कालवणात किंवा तिखल्यात (तिखट, दाटसर रश्शात) जास्त जायचा. गहू कोकणात पिकत नाही, म्हणून चपाती सणावारी किंवा पाहुणा आला तर. आणि कोंबडी-वडे? ते तर जावई आला, गटारी आली किंवा देवाचं काही कार्य निघालं तरच.

हे बदललं ते गिरण्यांमुळे. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी त्यातून वेगळा झाला) आणि सावंतवाडी संस्थानातून माणसं मुंबईला येत राहिली. बहुतेक एकटे पुरुष. बायकामुलं गावी शेतीवर. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी या गिरणगावच्या भागांत एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहायचे. प्रत्येकाची ट्रंक फळीवर, आणि झोपायची जागा पाळीनुसार. अशा खोलीत चूल कोण पेटवणार? शेजारच्या चाळीतल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवण लागायचं. गावी गेलं किंवा जेवायला आलं नाही तर खाडा धरायचा आणि महिनाअखेर हिशोबातून तेवढे पैसे वजा.

ताटाचं आजचं रूप या हिशोबातून आलं असावं. वीस जणांना ठरलेल्या पैशांत जेवू घालायचं तर मासा मोजून द्यावा लागतो. पातेल्यातल्या कालवणात कोणाला डोकं आलं, कोणाला शेपटी, यावरून भांडण. तळलेली तुकडी मात्र प्रत्येकी एक, सरळ मोजता येते. बाकी पोट भातावर आणि पातळ कालवणावर भरतं. चपाती-भाकरीचं कारण वेगळं. त्याच गिरण्यांत सातारा-पुण्याकडचे घाटावरचे कामगारही होते, त्यांना नुसता भात चालायचा नाही. त्यात दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये, मुंबईत रेशनिंग आलं. तांदूळ मोजून मिळू लागला आणि कोकणी माणसाच्या ताटातही गहू स्थिरावला.

या खानावळवाल्या बायकांचं भांडवल म्हणजे वाण्याची उधारी आणि सावकाराचं कर्ज. कामगाराचा पगार महिन्याला, वाण्याचा तगादा मात्र रोजचा. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच्या खानावळींचं गिऱ्हाईकच आटलं.

हॉटेलांची वाट मात्र त्याआधीच निघाली होती. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम (आता बंद) हे नाव जुन्या खवय्यांच्या तोंडी अजून आहे. पाट्यांवर तेव्हा ‘गोमंतक’ आणि ‘लंच होम’ हे शब्द जास्त दिसत. ‘मालवणी’ ही ओळख ठळक झाली ती नंतर. आज पाहुण्याला न्यायचं तर दादरला सिंधुदुर्ग आणि चैतन्य, पार्ल्याला गजाली, वांद्रे पूर्वेला हायवे गोमंतक ही नावं सहज निघतात. यातलं चैतन्य मालवणातही आहे.

गोमंतकी आणि मालवणी एकच समजायची चूक हॉटेलवाले स्वतःच करतात. माशाच्या कालवणात दोन्हीकडे ओलं खोबरं, धणे आणि मिरची कच्चीच वाटतात. गरम मसाला जवळजवळ नाही. फरक मटण-कोंबडीत कळतो. मालवणी वाटपात (वाटलेल्या मसाल्यात) कांदा आणि खोबरं तपकिरी होईपर्यंत भाजतात आणि वर साठवणीचा मसाला पडतो. घाईच्या स्वयंपाकघरात हे भाजलेलं वाटप एकदाच करून ठेवतात आणि तेच माशालाही घालतात. सुरमईचं कालवण तपकिरी दिसलं आणि त्याला लवंग-दालचिनीचा वास आला, तर तिथे मासा आणि मटण एकाच पातेल्याचे आहेत असं समजावं.

साठवणीचा मसाला हा खरा कोकणी वारसा. त्यातली मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणा मिरी, आलं आणि तिरफळावर (जिभेला झिणझिण्या आणणारं मसाल्याचं फळ) निभवायचा. मसाला वर्षभराचा एकदाच करायचं कारण पावसाळा. जून लागला की ऊन नाही, आणि पूर्वी आगबोटीही बंद. म्हणून मार्च ते मे हीच वेळ. साधारण प्रमाण असं: मिरची १ किलो (पाऊण भाग रंगाला बेडगी, पाव भाग तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी), धणे अर्धा किलो. बडीशेप, खसखस, मोहरी, हळकुंड, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची यांतलं प्रत्येक २५ ते ५० ग्रॅम. जायपत्री आणि हिंग त्याहून कमी. घरागणिक यात फरक असतो आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं.

बिघडतो कुठे ते जास्त महत्त्वाचं. मिरची दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात देठासकट कुरकुरीत व्हायला हवी. दमट राहिली तर मसाला जुलैपर्यंत गोळा होतो. जिन्नस एकत्र भाजले तर दगडफूल आणि खसखस जळतात, धणे कच्चे राहतात, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर. डंखावरून (मसाला कुटायच्या यंत्रावरून) आलेला मसाला गरम असतो. तसाच बरणीत भरला तर वाफ धरून बुरशी येते. पसरून पूर्ण गार करायचा, मग भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे. लालबागच्या मसाला बाजारात आजही लोक जिन्नस निवडून घेतात, तिथेच भाजून-कुटून घेतात. पाहुण्याला मुंबईतून न्यायला पाकिटापेक्षा हा मसाला बरा.

आता वडे. सणाचा पदार्थ हॉटेलात रोजचा झाला आणि त्यात त्याचं पीठ बिघडलं. १ किलो तांदळाला पाव किलो उडीदडाळ, मूठभर चणाडाळ आणि गहू, दोन-तीन चमचे धणे, चमचाभर मेथी. दळण रवाळ हवं. गरम पाण्यात घट्ट मळून निदान तीन-चार तास झाकून ठेवायचं, म्हणजे मेथी-उडदामुळे किंचित आंबूस होतं. केळीच्या पानावर थापून कडकडीत तेलात सोडायचं. हॉटेलात भिजवायला वेळ नसतो, म्हणून पीठ बारीक दळतात आणि गव्हाचा भाग वाढवतात. वडा पुरीसारखा टम्म फुगतो, दिसतो छान, पण चिवट लागतो. चांगला वडा तोडताना जाडसर दाणा दिसतो आणि गार झाल्यावरही मऊ राहतो. सोबतची कोंबडी गावठी की ब्रॉयलर हे आधी विचारावं. गावठी कोंबडा शिजायला तास-दीड तास लागतो, म्हणून ‘पंधरा मिनिटांत देतो’ म्हणणाऱ्याकडे तो बहुधा नसतो, किंवा सकाळीच शिजवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, रस्सा मुरलेलाच चांगला लागतो.

सोलकढीचंही असंच झालं. घरी ती शेवटच्या भातावर घ्यायची, पेल्यातून स्वागताला द्यायची पद्धत हॉटेलांची. एका नारळाचं दोन वेळा काढलेलं दूध, आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून किंवा तीन-चार चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी, चव घेऊन. आगीवर ठेवली की फाटते. फ्रिजमध्ये रात्रभर राहिली तर वर खोबऱ्याच्या चरबीचा थर धरतो, तो ढवळून मोडत नाही. आणि रंग फिकट गुलाबी असतो. भडक राणी रंगाची सोलकढी आली तर त्यात बहुधा बीट किंवा रंग असतो.

ताट परत कोकणात गेलं ते १९९०च्या दशकाच्या शेवटी. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. येणारा पर्यटक मुंबई-पुण्याचा, त्याच्या डोक्यात दादरचं ताट. त्याला पेज आणि पिठी कोण वाढणार? मालवण-तारकर्लीच्या घरगुती खानावळींनी त्याला ओळखीचंच दिलं: सुरमई, पापलेट, कोळंबी, चपाती. बोंबीलही. खरं तर बोंबील हा मुंबई, वसई, पालघर आणि पुढे गुजरातच्या पाण्यातला मासा. रत्नागिरीच्या दक्षिणेला तो फारसा लागत नाही. ताजा बोंबील मुंबईतच खावा. त्यात पाणी फार असतं, म्हणून चिरून वीस-तीस मिनिटं वजनाखाली दाबलेला असेल तरच कुरकुरीत होतो.

मालवणात बांगडा, पेडवे, तारली, मोरी (लहान शार्क), तिसऱ्या (शिंपल्या) यांना हात घालावा. स्वस्त म्हणून ते फलकावर खाली असतात किंवा नसतातच, पण ‘आज घरी काय केलंय’ विचारलं तर मिळतात. बांगड्याचं तिखलं तिरफळ घालूनच. अर्धा किलोला सहा-आठ फळं, आतली काळी बी काढून, जरा ठेचून उकळत्या कालवणात. वाटली तर कडू होतात. ताटात आलेलं तिरफळ बाजूला काढायचं, चावायचं नाही. जीभ बधिर होते. उकड्या भाताची आणि कुळथाच्या पिठीची फर्माईश आदल्या रात्री द्यावी. पिठी दहा मिनिटांची, पण पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात.

हंगामाचं गणित न पाहता गेलं तर पैसे वाया जातात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पारंपरिक होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत सहसा लांब जात नाहीत. त्या काळात मिळणारी सुरमई बर्फातली असते. तेव्हा खाडीचे मासे, कुर्ल्या (खेकडे), सुकट आणि सुका बांगडा मागावा. ऑक्टोबर ते जानेवारी सुरमई-बांगड्याला उत्तम. गणपतीत चाकरमानी गावी आलेले असतात, बऱ्याच खानावळी बंद असतात किंवा शाकाहारी चालवतात. मोठ्या माशाचा भाव फलकावर ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला असतो. मासा बघून, भाव ठरवून मगच तळायला सांगावा. आणि साडेबाराला पोचावं. दोननंतर कालवण उरतं ते तळाचं.