पणजी : ऋतुमान व प्रवाशांची सुरक्षितता

पणजी : गोव्याची राजधानी. मांडवी नदी अरबी समुद्राला मिळते त्याच्या किंचित अलीकडे, नदीच्या डाव्या तीरावर वसलेले शहर. हवामान उष्ण, दमट व मोसमी. वर्षाकाठी सुमारे २,९०० मिमी. पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मोसमी वारे सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतात. जुनी माणसे मात्र मृगावरूनच हिशेब धरतात. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस जुलैत येतो, तेव्हा सलग दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. मे महिन्यात पारा ३३° से. च्या आसपास असतो, पण दमटपणामुळे उकाडा त्याहून पुष्कळ अधिक जाणवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ.

शहराच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘कधीही न बुडणारी जमीन’ हा अर्थ लोकांत रूढ असून माहितीपत्रकांतूनही तो सर्रास आढळतो. दुसऱ्या मतानुसार आदिलशाही काळातील पाच गढ्या किंवा वाडे यांच्याशी नावाचा संबंध पोहोचतो. तथापि बाराव्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या कदंबकालीन लेखात ‘पहजणी खळी’ असा उल्लेख येतो, म्हणजे नाव आदिलशाहीच्या बरेच आधीचे ठरते. काही अभ्यासक ‘पंजणी’ म्हणजे होडी व ‘खळी’ म्हणजे लहान खाडी अशी फोड करतात. भूरचना पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. न बुडणाऱ्या जमिनीचा अर्थ बहुधा मागाहून चिकटला असावा, आणि नवख्या माणसाने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

कारण सखल पणजी मुळात दलदल, मिठागरे आणि खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) शेतांची. रायबंदरला जोडणारा सुमारे तीन किमी. लांबीचा बांधीव रस्ता १६३३-३४ च्या सुमारास काउंट लिन्यारिश या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत झाला. सखल भागात मोठी भर घालण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दों मानुएल द पुर्तुगाल ए काश्त्रु या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात झाले आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. शहराचे पाणी आजही मुख्यतः सांतिनेजचा नाला व मळा-फोंतेन्यासच्या कडेची ओरें खाडी यांतूनच मांडवीत उतरते. या दोन्ही वाटा भरती-ओहोटीच्या ताब्यात आहेत. खाजन बांधांवरच्या ‘मानशी’चे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. शहराच्या निचऱ्याचे मर्म हेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नदीची पातळी सुमारे दोन मीटरने चढते. त्याच वेळी मोठी सर आली की पाण्याला जायला जागा उरत नाही. गटाराच्या जाळीतून गढूळ पाणी वर उसळते आणि सखल रस्त्यांवर घोट्याच्या वर साचते. ओहोटी लागली की तेच पाणी तासा-दोन तासांत उतरते. म्हणून पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळ पाहून बाहेर पडणे शहाणपणाचे. साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार दिसत नाही, तेव्हा त्यातून चालण्यापेक्षा थांबलेले बरे.

आल्तिनो टेकडीच्या उतारावर वेगळा धोका आहे. जांभ्याच्या पायऱ्यांवर जूनअखेरीस हिरवेगार शेवाळ धरते आणि पातळ तळाच्या चपलेचा पाय हमखास सटकतो. वाऱ्याच्या दिवसांत जुनी झाडे व विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यभर झाडे उन्मळून वीजपुरवठा खंडित झाला होता. मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात कोसळला. त्यानंतर नवीन पूल होईपर्यंत लोकांची मदार फेरीबोटींवर होती.

समुद्राबाबत गोंयकार कधीच हयगय करत नाहीत. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो, म्हणूनच पूर्वीची जहाजे या दिवसांत मुरगावचा आसरा घेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगणारा माणूस होडी वर ओढून ठेवतो, त्या पाण्यात पाहुण्याने उतरू नये. मिरामारला पाणी वरून संथ भासले तरी नदीचा प्रवाह व परतीची ओढ पायाखालची वाळू उपसते. लाल बावटा म्हणजे पोहण्यास मनाई. लाल-पिवळ्या बावट्यांमधला पट्टा जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो. ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध हातपाय न मारता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. दोना पावलाच्या ओल्या कातळांवर छायाचित्रासाठी चढू नये. पावसाळ्यात धबधब्यांवर पोहण्यास जिल्हाधिकाऱ्यांकडून बहुधा मनाई असते.

चोरी-फसवणुकीचे प्रकार गर्दीच्या दिवसांत, म्हणजे कार्निव्हल, नोव्हेंबरातील चित्रपट महोत्सव व वर्षअखेरीस, अधिक संभवतात. भाड्याची दुचाकी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८; मोठे सरकारी रुग्णालय बांबोळीला आहे.