घराला रंग देताय? आधी भिंतीची ओल बघू

नवरात्राच्या आसपास आम्हाला जे फोन येतात त्यांत दोन प्रश्न ठरलेले असतात. चौरस फुटाला भाव काय, आणि रंग कोणत्या कंपनीचा? त्यावर आमचा एकच प्रश्न असतो: घरात कुठल्या भिंतीला ओल आहे का? पुण्यातल्या वाड्यांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत घरं रंगवताना आम्ही जे शिकलो ते या पत्रकात लिहिलं आहे. काम आम्हाला द्या किंवा दुसऱ्या कोणाला, पण एवढं वाचून मग द्या.

पोपडे का सुटतात

भिंतीत पाणी मुरलं की ते बाहेर पडायची वाट शोधतं. येताना विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून घेऊन येतं. भिंतीच्या तोंडाशी आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. त्यांचे खडे वाढत जातात आणि पुट्टीला, म्हणजे रंगाखालच्या गुळगुळीत थराला, आतून ढकलतात. आधी फुगवटा दिसतो, मग पोपडा सुटतो आणि त्याखाली पांढरी पूड हाताला लागते. वरचा रंग साधा होता की सगळ्यात महागाचा, याने काही फरक पडत नाही. महागाच्या रंगाचा पापुद्रा जास्त चिवट असतो, त्यामुळे तो मोठा तुकडा होऊन सुटतो, एवढंच.

ओल शोधायच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. सगळ्यात पहिली म्हणजे बाथरूमच्या पाठीमागची बेडरूमची भिंत, बहुधा कपाटाआड लपलेली. मग खिडकीच्या खालचे दोन कोपरे, गच्चीखालचं छत आणि पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत. तळमजल्यावर असाल तर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा पट्टा.

घरच्या घरी एक तपासणी करा. साधारण फूटभर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा संशयाच्या जागी चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसलं, तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे; तिथे खिडकी उघडी ठेवली किंवा एक्झॉस्ट पंखा लावला तरी बराच फरक पडतो. काहीच दिसलं नाही आणि मोसम पावसाळ्याचा नसेल, तर पावसात ही तपासणी पुन्हा एकदा करा.

आमच्या हातून झालेली चूक इथे सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एका घरी दिवाळीला दहा दिवस उरले होते आणि बेडरूमची एक भिंत ओलसर होती. पाहुणे येणार होते, आग्रह मोठा होता. आम्ही भिंत खरवडली, पुट्टी भरली, ओल अडवणारा म्हणून मिळणारा प्राइमर (रंगाखालचं अस्तर) मारला आणि वर दोन हात रंग दिला. लक्ष्मीपूजनाला भिंत आरशासारखी दिसत होती. संक्रांतीपर्यंत तिला फोड आले. शेजारच्या बाथरूममधल्या टाइल्सचे जॉइंट उघडे पडले होते आणि पाणी रोज आत जात होतं. ती भिंत आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केली, पण त्या कुटुंबाला दुसऱ्यांदा सगळं सामान हलवावं लागलं, ते आम्हाला फार लागलं. तेव्हापासून नियम केला आहे: ओल्या भिंतीला आम्ही रंग देत नाही. दिवाळीसाठी बाकीचं घर करून देतो आणि ती एक भिंत खरवडून, प्लास्टर उघडं ठेवून सोडतो. आधी गळतीचं काम प्लंबरकडून किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून करून घ्या. मग भिंतीला पूर्ण वाळू द्या. याला आठवडे लागतात, दिवस नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत आम्ही येऊन ती पूर्ण करतो. तोवर तिथे कपाट सरकवून ठेवायचं असेल तर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, वारा खेळू द्या.

आधी भिंतीवर काय आहे ते ओळखा

ओलं फडकं भिंतीवर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर भिंतीवर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, आणि त्याच्यावर थेट पुट्टी किंवा प्लास्टिक पेंट धरणार नाही. ते द्यायचं असेल तर तो खरवडून काढावाच लागतो. फडकं कोरं राहिलं तर बहुधा प्लास्टिक इमल्शन (म्हणजेच प्लास्टिक पेंट) किंवा ऑइल पेंट. जुन्या स्वयंपाकघरांत भिंतीला ऑइल पेंट असायचा. त्याच्या चकाकीवर नवा रंग घसरतो, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून चकाकी मारावी लागते.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या भिंती मातीच्या, नाहीतर विटा-चुन्याच्या. वर वर्षानुवर्षं दिवाळीआधी दिलेला चुना, नीळ घातलेला. या भिंती थोडी ओल घेतात आणि थोडी सोडतात. त्यांचा श्वासच म्हणा. त्यांच्यावर प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की आतली ओल कोंडते आणि प्लास्टरसकट खपली निघते. अशा घरी गिऱ्हाईक प्लास्टिक पेंट मागत असलं तरी आम्ही चुनाच सुचवतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होत जातो आणि तरी भिंतीला मोकळं ठेवतो. तो कपड्यांना लागतो ही तक्रार खरी आहे. त्यासाठी डिंक किंवा सरस मिसळायची जुनी पद्धत अजूनही चालते.

बऱ्याच नव्या इमारतींत आतून जिप्समचं प्लास्टर असतं. ते गुळगुळीत असतं, पण पाणी शोषून घेतं, म्हणून तिथे प्राइमर चुकवून चालत नाही. बाथरूमलगत जिप्सम असेल आणि ओल आली असेल, तर ते तेवढं काढून सिमेंटचं प्लास्टर करून घ्या, असं आम्ही आवर्जून सांगतो.

पुट्टीबद्दल थोडं सविस्तर

आमच्या धंद्यातल्या सगळ्यात जास्त तक्रारी पुट्टीच्या असतात, रंगाच्या नसतात. जुने कारागीर तिला लांबी म्हणतात. बाजारात मुख्य दोन प्रकार आहेत. पोत्यातली, पाण्यात कालवायची, पांढऱ्या सिमेंटची; आणि डब्यातली तयार ॲक्रिलिक. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या सिमेंट प्लास्टरला घट्ट धरते, पण जुन्या रंगावर ती धरत नाही. रंग न खरवडता तीच ओढली तर दोन-तीन वर्षांत पापडासारखी उठते. जुना रंग पक्का असेल आणि फक्त खड्डे, खिळ्यांची भोकं भरायची असतील, तर तिथे ॲक्रिलिक पुट्टी योग्य.

दुसरी गोष्ट जाडीची. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नये. भिंत वाकडी असेल तर ती पुट्टीने सरळ करायची नसते, ते गवंड्याचं काम. पाव इंच पुट्टी भरून भिंत सरळ करून देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. कालवलेला माल दोन-तीन तासांत वापरावा लागतो. सकाळचा माल दुपारी पाणी घालून पुन्हा सैल केला तर त्याची पकड गेलेली असते. कामाच्या वेळी तुम्ही घरी असलात तर एवढं एकच बघा, आमचा माणूस असला तरी बघा.

पुट्टी वाळल्यावर घासाई होते आणि घरभर पांढरी धूळ उडते. हा कामाचा सगळ्यात त्रासाचा दिवस. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी त्या दिवशी घरी थांबू नये. घासून झाल्यावर भिंत फडक्याने पुसायची, मग प्राइमरचा एक हात, मग रंगाचे दोन. पहिला हात वाळल्यावर खोलीत दिवा तिरपा धरून भिंत बघतो. लाटा आणि ओरखडे तेव्हाच दिसतात आणि तेव्हाच टचअप करता येतं. नुसता भाव कमी करायचा म्हणून प्राइमर वगळा असं सांगणारे भेटतात. पैसे खरंच कमी करायचे असतील तर रंग एक पायरी स्वस्तातला घ्या, भिंतीची तयारी कापू नका.

देव्हाऱ्यामागची भिंत

निरांजन आणि उदबत्तीचा धूर वर्षानुवर्षं बसून ही भिंत पिवळी-तपकिरी होते. गॅसच्या शेगडीवरच्या छताचंही तेच. त्याच्यावर पाण्यातला रंग दिला की काही दिवसांत डाग रंगातून पुन्हा वर येतो, तीन हात दिले तरी. आधी साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा धुवायचा, वाळू द्यायचं, मग तेवढ्या भागाला तेलातला प्राइमर मारायचा आणि मगच नेहमीचा रंग. बुरशीचे काळे ठिपके असतील तर ब्लीचच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवतो. घरी कोणी स्वतः करणार असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फरशी-संडास धुवायचं दुसरं काही कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

रंग आणि छटा

शेड कार्डवरचा बोटभर चौकोन चारही भिंतींवर गेला की जास्त गडद दिसतो. म्हणून आवडलेल्या छटेचा छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना देतो. तो सकाळच्या उजेडात बघा आणि रात्री दिव्याखाली बघा. छटा घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, घरातलं सगळ्यात ज्येष्ठ माणूस जिथे दिवसभर बसतं त्या खोलीची तर त्यांनाच ठरवू द्या. चकाकीचा रंग धुवायला सोपा असतो, पण भिंतीचा प्रत्येक उंचवटा उघडा पाडतो. जुन्या भिंतींना मॅटच शोभतो. मुलांच्या खोलीला आणि जिन्याजवळच्या भिंतीला धुता येणारा घ्या. छताला साधा पांढरा मॅट पुरे.

माप आणि हिशोब

इथे गैरसमज फार होतात, म्हणून उदाहरण देतो. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. जमिनीचं माप १२० चौरस फूट. पण रंगवायच्या चार भिंती ४४० चौरस फूट आणि छत १२०, एकूण ५६०. त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा म्हणजे २१ आणि ४ बाय ४ ची खिडकी म्हणजे १६ वजा केले की ५२३ चौरस फूट उरतात, म्हणजे सव्वापाच ब्रासच्या आत (१०० चौरस फुटांचा एक ब्रास). घराच्या कार्पेट एरियावरून फोनवर दिलेला भाव म्हणूनच नंतर फुगतो. आम्ही टेपने मोजतो, तुमच्यासमोर लिहितो आणि दारं-खिडक्या वजा करतो.

रंगाऱ्याच्या दरपत्रकात चार गोष्टी वेगळ्या लिहून मागा: किती खरवडायचं, पुट्टीचे किती हात, प्राइमर कोणता, रंग कोणता आणि त्याचे किती हात. नुसतं "पूर्ण काम" असं लिहिलेलं दरपत्रक परत करा. माल तुम्ही आणा किंवा आम्ही, डबे सीलबंद येतील आणि तुमच्यासमोर उघडतील. डब्यावर किती पाणी मिसळायचं ते छापलेलं असतं. आमचे रंगारी ते मापाने घालतात. एका छटेचे दोन-तीन डबे लागणार असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून घेतो, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

कामाचे दिवस

राहत्या दोन बेडरूमच्या घराला पूर्ण पुट्टीसह साधारण १० ते १२ दिवस धरा. नुसते दोन हात द्यायचे असतील तर पाच. एका वेळी एकच खोली रिकामी करतो. स्वयंपाकघर शेवटी घेतो. नवी वायरिंग, एसीची भोकं, प्लंबिंग हे सगळं आमच्या आधी उरकून घ्या. रंग झाल्यावर झिरी मारलेली पाहवत नाही.

जुन्या दारं-खिडक्यांबद्दल एक गंभीर सूचना. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. असे दरवाजे आम्ही कोरडे घासत नाही, पाणी मारून घासतो आणि निघालेला गाळ गोळा करून नेतो. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी सांगा, दारं-खिडक्या घासायच्या दोन दिवसांची त्यांची सोय दुसरीकडे करा.

काम संपल्यावर प्रत्येक छटेचा उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून देतो. छटेचा नंबर, कोणती खोली आणि तारीख एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा स्वतः येऊन भिंती बघून जातो. त्याचे पैसे नाहीत.